अर्धे सैल, अर्धे कुरळे

कुरळे केस म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे कपाळावर रुळणारी एखादी बट किंवा जुन्या छायाचित्रातील आजीचे लाटालाटांचे केस येतात. आज ज्या केसांविषयी लिहायचे आहे, ते याहून पुष्कळ वेगळे आहेत. आफ्रिकी वंशाच्या बहुसंख्य स्त्री-पुरुषांचे केस मुळापासूनच, पेनातील स्प्रिंगप्रमाणे घट्ट वळ्या घेत वाढतात. ओढून पाहिला तर एक वीत भरेल असा केस सुटला की चार बोटांवर येऊन बसतो. अशा केसांची ही वळी पूर्णपणे न घालवता रसायनाच्या साह्याने अर्धीमुर्धी सैल करून घेण्याची पद्धत अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, कॅरिबियन बेटांत आणि आफ्रिकेतील शहरांत रूढ आहे. केशकर्तनालयात तिला टेक्स्चरायझिंग म्हणतात, घरच्या घरी केली तर टेक्सलॅक्सिंग.

आपल्या पाक्षिकात हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. परंतु कर्नाटक, गुजरात आणि गोव्यात सिद्दी समाजाची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. पुण्यात आफ्रिकेतील अनेक देशांतून विद्यार्थी शिकायला येतात आणि त्यांतील काही मुली डोक्याची त्वचा भाजून माझ्यासारख्या डॉक्टरकडे येतात. शिवाय मुलाबाळांसाठी परदेशी जाऊन राहणाऱ्या आजी-आजोबांच्या घरांत आता सुना-जावई आणि नातवंडे सर्व वंशांची आहेत. नातीच्या किंवा विहीणबाईंच्या केसांत कंगवा घालण्याची वेळ आली की आपले नेहमीचे ज्ञान अपुरे पडते.

ही वळी येते कुठून? केसाचे मूळ त्वचेत ज्या खोबणीत असते, ती खोबणीच वाकडी असते आणि केसाचा छेद गोल नसून चपटा, लंबगोल असतो. प्रत्येक वळणावर केस थोडा नाजूक असतो. डोक्याच्या त्वचेतून पाझरणारा तेलकट स्राव सरळ केसावरून सहज खाली उतरतो. वळ्यांवरून तो टोकापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे दिसायला दाट, राकट भासणारे हे केस प्रत्यक्षात कोरडे आणि लवकर तुटणारे असतात. विंचरताना ते एकमेकांत अडकतात, ओढले जातात, मोडतात. वळी थोडी सैल झाली की विंचरणे सोपे जाते, लांबी दिसते आणि तरीही केसांचा भरदारपणा राहतो. अर्ध्यावर थांबण्याचे आकर्षण हेच.

त्यामागे इतिहासही आहे, आणि तो सगळाच सुखाचा नाही. अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावरही नोकरीच्या, शाळेच्या, समाजातील मानमरातबाच्या दारात सरळ केस हा जणू परवाना होता. क्लीव्हलंडचे गॅरेट मॉर्गन हे शिवणयंत्राच्या सुईसाठी घर्षण कमी करणारा द्रव शोधत होते. त्या द्रवाने कापडाचे तंतू सरळ होतात हे त्यांच्या ध्यानात आले, अशी हकिकत सांगितली जाते. त्यातून विसाव्या शतकाच्या आरंभी केस सरळ करणारे त्यांचे मलम बाजारात आले. (रस्त्यावरील वाहतूक-नियंत्रक सिग्नलचे एक पेटंट १९२३ साली मिळवणारे मॉर्गन ते हेच.) पुढे पुरुष मंडळी बटाटा, अंडी आणि कॉस्टिक सोडा यांचे घरगुती मिश्रण डोक्याला फासत. १९५४ साली शिकागोत जॉर्ज जॉन्सन यांनी कंपनी काढली आणि तयार डबाबंद रिलॅक्सर घरोघरी गेले. साठच्या दशकात कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीबरोबर आपले केस आहेत तसे मिरवण्याची लाट आली. तरीही २०१९ साली कॅलिफोर्निया राज्याला केसांच्या नैसर्गिक पोतावरून भेदभाव करू नये असा कायदा करावा लागला आणि मग इतर अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. म्हणून ज्या बाईने चाळीस वर्षे केस सैल करून घेतले, तिला उपदेशाचे डोस पाजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तिला माहिती द्यावी.

आता मूळ मुद्दा. ‘आम्ही पूर्ण सरळ करत नाही, थोडेच सैल करतो’ असे म्हणताना बहुतेकांच्या मनात हे औषध सौम्य आहे अशी समजूत असते. ती चुकीची आहे. पूर्ण सरळ करण्यासाठी आणि अर्धे सैल करण्यासाठी बहुतेक वेळा वापरतात ते रसायन एकाच जातीचे असते: सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे तुंबलेली मोरी मोकळी करायला वापरतात तो कॉस्टिक सोडा, किंवा त्याची भावंडे. आपल्या केसांचा आणि त्वचेचा पीएच साधारण पाचच्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. या मलमांचा पीएच १२ ते १४ असतो. ‘नो-लाय’ असे लिहिलेल्या डब्यात सोडियम हायड्रॉक्साइड नसते, पण त्याऐवजी ग्वानिडीन हायड्रॉक्साइड तयार होते. ते त्वचेला थोडे कमी झोंबते, मात्र केसांवर कॅल्शियमचा थर ठेवून त्यांना अधिक कोरडे करते. लहान मुलींचे चित्र छापलेल्या डब्यांतही याच कुळातील क्षार असतात.

केसाचा आकार टिकतो तो केराटिन या प्रथिनातील गंधकाच्या जोडबंधांमुळे. हायड्रॉक्साइड हे बंध तोडते आणि त्या जागी नवा, एका गंधकाचा बंध तयार होतो. हा बदल कायमचा असतो. सैल झालेला केस पुन्हा वळी धरत नाही. मुळातून नवा केस येईल तोच पूर्वीसारखा असेल. मग ‘अर्धे’पण येते कशातून? फक्त वेळेतून आणि पातळपणातून. मलम कमी मिनिटे ठेवतात, त्यात तेल किंवा कंडिशनर मिसळतात, वा केसांना आधी तेलाचा हात देतात. सारा खेळ घड्याळाचा आहे, आणि हे घड्याळ डोक्याच्या सर्व भागांत सारख्या वेगाने चालत नाही. मानेवर लावलेले मलम आणि पंधरा मिनिटांनी कपाळापाशी लावलेले मलम एकाच वेळी धुतले, तर मागचे केस जवळजवळ सरळ होतात आणि पुढचे आहेत तसेच राहतात. कानांजवळचे आणि कपाळाच्या कडेचे बारीक केस तर सर्वांत आधी हार मानतात.

दुसरी अडचण अडीच-तीन महिन्यांनी उभी राहते. केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतो. मुळाशी नवी घट्ट वळी आणि पुढे जुना सैल केस, असा सांधा तयार होतो, आणि केस नेमका त्या सांध्यावर तुटतो. नव्या वाढीला पुन्हा मलम लावायचे तर ते जुन्या भागावर जाऊ न देणे हे कौशल्याचे काम आहे. दर वेळी थोडे थोडे ओघळले की जो भाग अर्धा सैल होता तो पाऊण होतो, मग पूर्ण सरळ, मग निर्जीव. अर्ध्यावर थांबायचे ठरवलेल्या कित्येकींचे केस दोन-तीन वर्षांत असे आपोआप पूर्ण सरळ होऊन बसतात. धुतल्यानंतरचा न्यूट्रलायझिंग शाम्पू काही जण गडबडीत उरकतात. केसांत क्षार शिल्लक असेल तर काही शाम्पूंचा फेस गुलाबी होतो. तो पांढरा येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुणे, हा या प्रक्रियेतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

वय वाढते तशी डोक्याची त्वचा पातळ होते, तेलकटपणा घटतो, केस विरळ होतात. विरळ केसांतून मलम थेट त्वचेवर बसते. मधुमेह असेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्ग लवकर होतो. थायरॉइडचा विकार, रक्तक्षय, अलीकडचे मोठे आजारपण किंवा कर्करोगावरील औषधे यांनी केस आधीच अशक्त झालेले असतात. माथ्यावर मध्यभागी केस विरळ होत जाऊन त्वचा गुळगुळीत, चकचकीत दिसू लागली असेल, तिथे आग किंवा दुखरेपणा असेल, तर आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांत आढळणाऱ्या एका व्रणकारी केशनाशाचा संशय घ्यावा. त्यात केसांची मुळे कायमची नष्ट होतात. एकेकाळी त्याचे खापर तापवलेल्या लोखंडी कंगव्यावर फोडले जाई. २०१९ साली या विकाराच्या काही रुग्णांत एका जनुकातील दोष सापडला. रसायनांच्या भूमिकेबद्दल संशोधकांत एकमत नाही, पण अशा माथ्यावर क्षार लावू नये याबद्दल वाद नाही. आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

आणि एक बाब शुश्रूषा करणाऱ्यांनी मनावर कोरून ठेवावी. या मलमाची वेळ संपली की नाही, हे सांगणारा शेवटचा पहारेकरी म्हणजे त्या व्यक्तीला होणारी जळजळ. ‘आग होते आहे म्हणजे औषध लागू पडते आहे’ ही समजूत घातक आहे. आग झाली की त्वचा भाजू लागली असे समजून तत्क्षणी धुवायचे असते. स्मृतिभ्रंश झालेली, पक्षाघाताने एका बाजूची संवेदना गेलेली किंवा गुंगीची औषधे चालू असलेली व्यक्ती हे सांगूच शकत नाही. तिच्या डोक्याला हे मलम लावू नये. या नियमाला मी अपवाद मानत नाही.

गेल्या वर्षी माझ्याकडे वर्षानुवर्षे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचा न्यू जर्सीहून फोन आला. सूनबाई तिथल्याच, कृष्णवर्णीय अमेरिकी. तिच्या आईला पक्षाघात झाल्यावर तिला घरी आणले होते आणि दिवसभर दोन्ही विहिणी एकमेकींच्या सोबतीला असत.

“डॉक्टर, विहीणबाईंच्या केसांत कंगवाच जात नाही हो. त्यांना दुखते, डोळ्यांत पाणी येते, आणि माझेही हात थरथरतात. सूनबाई म्हणते, पूर्वी करून घेत होती तसे थोडे सैल करून घेऊ या.”

“बाई, त्यांना डाव्या बाजूला गरम-गार कळते का?”

“हाताला कळत नाही. डोक्याचे कधी पाहिले नाही.”

त्यांनी पाहिले. डोक्याच्या डाव्या अर्ध्या भागावरही ओला गार कापूस ठेवलेला कळत नव्हता. मी मलमाला नकार दिला. बाईंनी विचारले ते रास्तच होते: मग करायचे काय?

त्यांना जे सांगितले ते इथे सविस्तर देतो, कारण घट्ट वळ्यांच्या केसांची निगा आपल्या सवयींच्या बरोबर उलटी आहे. असे केस कोरडे असताना विंचरायचे नाहीत. आधी कोमट पाण्याने ओले करावेत आणि भरपूर कंडिशनर लावावा, इतका की बोटे सहज घसरतील. मग डोक्याचे सहा-आठ भाग करून प्रत्येक भाग चाप लावून वेगळा ठेवावा. एका वेळी एकच भाग सोडवायचा, तोही टोकाकडून मुळाकडे. आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने. सोडवत असलेली बट मुळाशी दुसऱ्या हाताने घट्ट धरली की ओढ त्वचेपर्यंत पोहोचत नाही आणि माणूस कळवळत नाही. गुंता सुटला की त्या भागाचा लगेच सैलसर दोनपेडी पीळ घालून टाकावा, म्हणजे तो पुन्हा गुंतत नाही. एका बैठकीत सगळे डोके पुरे करण्याचा हट्ट नको. आज चार भाग, उद्या चार. रोज विंचरण्याची गरजच नसते, पीळ आठवडाभर राहतात. डोके आठ ते पंधरा दिवसांनी धुतले तरी चालते. रात्री सुती उशीच्या अभ्र्यावर केस घासतात आणि त्यांची ओल शोषली जाते, म्हणून सॅटिनची टोपी किंवा अभ्रा वापरावा. घट्ट, ताणून घातलेल्या वेण्या मात्र टाळाव्यात. कपाळाच्या कडेचे केस त्या ओढीने कायमचे जातात.

तेलाविषयी बाईंनी भीत भीत विचारले, खोबरेल चालेल का? चालेल. मुंबईतील मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, असे दिसले. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने तसे झाले नाही. ही कंपनी खोबरेलच विकते, हे ध्यानात ठेवावे. तरी खोबरेलाचे रेणू लहान आणि सरळ असल्याने ते आत शिरते, हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. धुण्याच्या आदल्या रात्री केसांना बेताचे लावावे, डोक्यावर थापू नये.

विहीणबाईंचे समाधान एवढ्याने झाले नाही. चाळीस वर्षे रविवारी चर्चला जाताना त्यांचे केस एका विशिष्ट घडणीचे असत आणि आजारपणाने हेही हिरावून घेतले, हे त्यांचे दुःख खरे होते. त्यांचे बोलणे अडखळत होते, तरी मान हलवून नकार-होकार देता येत होता. म्हणून जे काही करायचे ते त्यांना विचारूनच करा, एवढे मी सूनबाईंना आवर्जून सांगितले. जुनी सैल टोके दर दीड-दोन महिन्यांनी बोटभर कापायची आणि तोवर चर्चला जाताना रेशमी रुमाल बांधायचा, असे त्या तिघींनी ठरवले. पहिले दोन महिने विहीणबाई नाराजच होत्या, असे बाईंनी नंतर कळवले.

ज्यांची संवेदना शाबूत आहे, त्वचा निरोगी आहे आणि माहिती घेऊनही ज्यांना केस थोडे सैल करूनच घ्यायचे आहेत, त्यांना अडवण्याचा अधिकार मला नाही. त्यांनी अशा केसांचा अनुभव असलेल्या व्यक्तीकडूनच ते करवून घ्यावे. आधीचे दोन-तीन दिवस डोके धुऊ नये, खाजवू नये. खाजवल्याने पडलेले सूक्ष्म ओरखडे डोळ्यांना दिसत नाहीत, पण क्षाराला सापडतात. त्वचा, कान आणि कपाळाची कड यांना पेट्रोलियम जेलीचा थर द्यावा. आधी मागच्या एका बटेवर प्रयोग करून तिचे काय होते ते पाहावे. कायमचा कलप आणि हे मलम यांत किमान दोन आठवड्यांचे अंतर हवे. आणि पूर्वी आपल्याकडील पार्लरमध्ये केस ‘स्मूदनिंग’ वा ‘रीबाँडिंग’ करून घेतले असतील तर ते आवर्जून सांगावे. त्यात बहुधा थायोग्लायकोलेट हे निराळ्या जातीचे रसायन असते. ही दोन रसायने एकाच केसावर पडली की केस ओल्या कागदासारखा तुटतो.

इथे थोडे विषयांतर करतो. ‘केराटिन’ म्हणून केल्या जाणाऱ्या काही उपचारांतून फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते. त्याला पर्याय म्हणून आलेल्या ग्लायऑक्सिलिक आम्लानेही सारे आलबेल झालेले नाही. २०२४ साली फ्रेंच डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या निरोगी तरुणीची हकिकत प्रसिद्ध केली. अशा मलमाने केस सरळ करून घेतल्यानंतर तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. ज्येष्ठांपैकी ज्यांचे क्रिएटिनिन आधीच वाढलेले आहे, त्यांनी लग्नसमारंभापूर्वी पार्लरमध्ये बसताना डब्यावरील घटक वाचून घ्यावेत.

रिलॅक्सरने भाजलेच तर भरपूर वाहत्या गार पाण्याने धूत राहावे. आम्लाने क्षार मारावा म्हणून लिंबू, व्हिनेगर किंवा दही लावू नये. भाजलेल्या जागी ते आगीत तेल ठरते. हळद, टूथपेस्टही नको. डोळ्यांत थेंब गेला तर पापणी उघडी धरून किमान वीस मिनिटे नळाखाली डोळा धुवावा आणि मग नेत्रतज्ज्ञांकडे जावे. आधी दवाखाना आणि मग पाणी असा क्रम लावू नये, कारण क्षार डोळ्यांत मिनिटागणिक खोल शिरतो.

शेवटी, ज्या प्रश्नाने मला हा लेख लिहायला बसवले त्याविषयी. वर्षानुवर्षे ही मलमे वापरलेल्या स्त्रियांना गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो का? अमेरिकेत ३५ ते ७४ वयाच्या ३३,४९७ स्त्रियांचा सुमारे अकरा वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. केस सरळ करणारी उत्पादने कधीच न वापरलेल्या स्त्रियांत सत्तरीपर्यंत हा कर्करोग होण्याचे प्रमाण १.६४ टक्के, तर वर्षातून चारपेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के असा अंदाज त्यात निघाला. कृष्णवर्णीय स्त्रियांवरील दुसऱ्या मोठ्या अभ्यासात, २०२३ साली, पाळी गेलेल्या आणि दीर्घकाळ वा वारंवार रिलॅक्सर वापरलेल्या स्त्रियांत हा धोका निम्म्याहून अधिक वाढलेला आढळला. या अभ्यासांनी संबंध दाखवला, कारण सिद्ध केले नाही. आणि चार टक्क्यांचा दुसरा अर्थ असा की शंभरातील शहाण्णव जणींना तो होत नाही. भयभीत होण्याचे कारण नाही. अर्धे सैल करणाऱ्यांचा वेगळा हिशेब या अभ्यासांत मांडलेला नाही, पण रसायने त्याच जातीची असल्याने मी त्यांनाही हेच सांगतो: वर्षातील खेपा जितक्या कमी करता येतील तितक्या कराव्यात.

पाळी जाऊन वर्ष उलटल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला, एकदाच आणि थेंबभर का होईना, तर तो कधीही ‘उष्णतेमुळे’ म्हणून सोडून देऊ नये. केस रसायनाने सैल केलेले असोत वा जन्मभर फक्त खोबरेल लावलेले असो, हा नियम प्रत्येक स्त्रीला लागू आहे. आठवडाभरात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या अस्तराची जाडी मोजतात आणि गरज पडल्यास त्याचा तुकडा तपासतात. त्या वेळी केसांना कोणती उत्पादने किती वर्षे लावली, हेही सांगावे. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी सांगावे.